शेवटच्या रांगेला ऐकू येतंय का?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या खापरच्या बचत गटाच्या खोलीत संगणक आला. एका संस्थेने दिलेला, वापरलेला, पण चालू. आम्ही रीतसर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पहिल्याच शनिवारी बाळाच्या जुलाबांवरची एक फिल्म लावली. तीस-पस्तीस बायका, कडेवर पोरं, वर पत्रा, आणि आवाज येतोय कुठून, तर पडद्याच्या मागे बसवलेल्या बोटभर स्पीकरमधून! तरी सगळ्या जणी माना डोलवत होत्या. मला वाटलं, वा, कार्यक्रम झकास झाला.

पुढच्या आठवड्यात त्यातलीच एक तरुण आई बाजारात भेटली. बाळाच्या झिंकच्या गोळ्या तिने बंद केल्या होत्या. "का गं?" विचारलं तर म्हणाली, "ताई, फिल्ममध्येच सांगितलं ना, चार दिवस द्या म्हणून." फिल्ममध्ये होतं 'चौदा दिवस'. जुलाब थांबले तरी झिंक चौदा दिवस पूर्ण द्यायचं असतं. दुसरीने तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं होतं. आशाताई नेमक्या त्याच वेळी दारात आल्या, म्हणून निभावलं. इतकं खारट पाणी तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं असतं तर जिवाशीच खेळ होता. त्या दोघींची काय चूक? त्यांनी जे ऐकू आलं तेच केलं.

गटाच्या बैठकीत मी स्पीकरचा विषय काढला. लगेच एक भाऊसाहेब म्हणाले, "आता बायकांना गाणी ऐकायचीत वाटतं!" हसले सगळे. मीही हसले, पण पैसे मंजूर करून घेतले.

दुकानातला मुलगा मोठा उत्साही. त्याने लग्नात वाजतं तसलं गाणं लावलं आणि आवाज वाढवला. काउंटरवरच्या काचेची पेटी थरथरली. "बेस बघा मॅडम, बेस!" खोक्यावर छापलं होतं, १२०० वॅट पीएमपीओ. मी कला शाखेची पदवीधर, वॅट म्हणजे विजेचं बिल एवढंच मला ठाऊक. अकराशे रुपये मोजले आणि दोन लहान डबे नि एक मोठा ठोकळा, ज्याला वूफर म्हणतात, असं बोचकं रिक्षात घालून आणलं.

जोडणं अवघड नाही बरं का मैत्रिणींनो, घाबरू नका. संगणकाच्या मागे रंगीत भोकं असतात. हिरवं आवाज बाहेर येण्याचं, गुलाबी माइकचं. स्पीकरची पिन हिरव्यात घालायची, झालं. मी आधी गुलाबीत घातली आणि अर्धा तास दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली, ती गोष्ट वेगळी! हिरव्यात घालूनही गप्प असेल तर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातलं कर्ण्याचं चित्र बघा. त्यावर फुली असली तर आवाज बंद आहे.

तर आवाज आला. दणदणीत आला. वूफर जागा होती म्हणून कोपऱ्यात जमिनीवर ठेवला होता. फिल्ममधले डॉक्टर रांजणात तोंड घालून बोलावेत तसे घुमायला लागले. संपल्यावर मी विचारलं, कसा वाटला आवाज? पुढच्या म्हणाल्या, छान. शेवटच्या रांगेतून एक आजीबाई म्हणाल्या, "आवाज मोठा शे, पन माले काही समजनं नही."

अकराशे रुपयांच्या खरेदीचं मूल्यमापन आजीबाईंनी एका वाक्यात करून टाकलं. मोठा आवाज आणि समजणारा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा कळलं. मग जरा वाचलं, भाच्याला फोनवर पिडलं. 'सहा' आणि 'दहा' यांत फरक फक्त स आणि द यांचा. 'साठ' आणि 'आठ' यांत एका स चा. ही व्यंजनं मुळातच हलकी, आणि त्यांना ओळखू येण्यासाठी लागणारा आवाज बराचसा वरच्या पट्टीतला, दोन हजार हर्ट्झच्या पुढचा. वूफर उचलून धरतो खालची पट्टी, म्हणजे ढोल. ढोलाच्या घुमण्यात स, त, क बुडून जातात. नाचायला बेस हवा, औषधाची मात्रा सांगायला नको. जुन्या ट्रान्झिस्टरवर बेस नावालाही नव्हता, तरी बातम्यांचा शब्द न् शब्द कळायचा, आठवतंय?

आणि ते १२०० वॅट? पीएमपीओ हा आकडा म्हणजे क्षणभराची फुगवलेली बढाई. बघायचा तो आरएमएस, जो स्पीकर सतत पेलू शकतो. संगणकाच्या साध्या यूएसबी भोकातून जेमतेम अडीच वॅट वीज मिळते, तरी त्यावर चालणाऱ्या चिमुकल्या स्पीकरच्या खोक्यावर शेकड्यांनी वॅट छापतात! माझ्या लेकीच्या टेबलावर तसलीच एक जोडी होती. ती आणून लावली. गाणं अगदी केविलवाणं वाजलं, पण बोलणं? स्वच्छ. दहा-बारा जणींना पुरेल असं.

मग आम्ही खरी परीक्षा घेतली. मोबाइलवर मी माझ्याच आवाजात सहा, दहा, आठ, साठ, चार, चौदा असे शब्द उलटसुलट रेकॉर्ड केले आणि शेवटच्या रांगेला सांगितलं, ऐकाल ते मोठ्याने म्हणा. कोपऱ्यातल्या वूफरवर निम्मे शब्द चुकले. वूफर कोपऱ्यातून बाहेर काढला, त्याच्या मागची कळ अगदी कमी केली. दोन्ही लहान डबे टेबलावरून उचलून पुढे दोन स्टुलांवर, बसलेल्या बाईच्या कानाच्या उंचीवर, तोंड बायकांकडे करून ठेवले. त्यासाठी लांब वायर आणावी लागली. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो, म्हणून कळ पिळण्यापेक्षा स्पीकर जवळ नेलेला बरा. सिमेंटच्या भिंतीवरून शब्द परत येत होता, तिथे दोन गोधड्या टांगल्या. आता एखादाच शब्द चुकतो. सगळ्यात जास्त फरक कशाने पडला म्हणाल तर स्टुलांनी आणि गोधड्यांनी!

माझं म्हणणं एवढंच आहे, की शाळेला, अंगणवाडीला, गटाला संगणक देताना यादीत पडदा असतो, प्रिंटर असतो, आणि स्पीकर 'उरले पैसे तर बघू' या खात्यात जातो. हे वाचणाऱ्या माणसाचं गणित आहे. वाचता येणाऱ्याला पडद्यावरची अक्षरं सांभाळून घेतात. ज्या बाईला वाचता येत नाही तिच्यासाठी स्पीकर हीच पाटी आहे. २०२० साली टाळेबंदीत पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी गावांत 'दिगंत स्वराज फाउंडेशन'च्या कार्यकर्त्यांनी रेकॉर्ड केलेले धडे स्पीकरवर ऐकवून मुलांचं शिक्षण चालू ठेवलं. ना पडदा, ना इंटरनेट. आमच्याकडे मात्र अजून "चित्र केवढं मोठं!" यावरच कौतुक संपतं.

आणखी एक. नुसता स्वच्छ आवाज पुरत नाही, बोली आपली लागते. आमच्याकडे अहिराणी आहे, गुजराती आहे, डोंगराकडून येणाऱ्या बायकांची भिली आहे. मोलगीकडच्या एका मैत्रिणीकडून झिंकची आणि ओआरएसची माहिती भिलीत बोलून घेतली, मोबाइलवर, दोन मिनिटांची. ती लावली त्या दिवशी खोलीत पहिल्यांदा प्रश्न विचारले गेले. तोवर नुसत्या माना डोलत होत्या.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळल्या की कुठलाच स्पीकर चालत नाही, लहान नाही आणि मोठा तर नाहीच. श्रावणात एकदा मी संगणक सरळ बंद केला, लिटरची बाटली आणि पाकीट हातात घेतलं आणि रांगेरांगेतून फिरत प्रत्येकीला जवळ बसून सांगितलं. दीड तास लागला. आजीबाई म्हणाल्या, हा स्पीकर बरा आहे.