फंडाचा पैसा आणि भाड्याचा फ्लॅट

शाळेत नाव घालताना मास्तरांनी ज्यांची जन्मतारीख १ जून लिहून टाकली, अशी आपल्याकडची असंख्य माणसं ३१ मेला निवृत्त होतात. शाल, नारळ, निरोपाची भाषणं होतात. पुढच्या काही महिन्यांत फंड, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचा पगार असं मिळून आयुष्यात पहिल्यांदाच एवढी मोठी रक्कम खात्यात दिसते. नेमकं तेव्हाच मुलगा, मेहुणा किंवा ओळखीचा एजंट म्हणतो, "वाकडला एक फ्लॅट घेऊन टाका. भाडं म्हणजे दरमहा पेन्शनच!"

हे ऐकलं की मला काळजी वाटते. भाडं पेन्शनसारखं वागत नाही.

समजा, फ्लॅट साठ लाखांचा आहे. मुद्रांक शुल्क, नोंदणी, खिडक्यांच्या जाळ्या, पंखे, किचन ट्रॉली धरून तो पासष्टच्या घरात जातो. महिना अठरा हजार भाडं आलं, तर वर्षाचे २ लाख १६ हजार. त्यातून मिळकतकर जातो, सोसायटीचा मेन्टेनन्स जातो, शिवाय स्वतः राहत नाही म्हणून सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क. भाडेकरू बदलला की रंग, दलाली आणि मधला रिकामा महिना. दीड लाख हाती राहिले तरी पुष्कळ. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा २०२३ मध्ये ३० लाख झाली. ८.२ टक्के दराने त्या तीस लाखांचं व्याज वर्षाला २ लाख ४६ हजार होतं. म्हणजे निम्म्याहून कमी पैशात फ्लॅटपेक्षा जास्त, आणि तेही दर तिमाहीला खात्यात जमा.

दुसरी बाजूही खरी आहे. व्याजावर कर लागतो, भाड्यावर मात्र ३० टक्के वजावट मिळते. व्याज पाच वर्षं तेवढंच राहतं, भाडं दर करारागणिक थोडं वाढतं. जागेचा भावही वाढू शकतो. पण तो वाढलेला भाव फ्लॅट विकल्याशिवाय हातात येत नाही, आणि गुडघ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून फ्लॅटची एक खोली विकता येत नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आयटीतली मुलं गावी निघून गेली. हिंजवडीच्या आसपास भाड्यावर विसंबलेल्या घरमालकांना त्याचा फटका बसला. मेन्टेनन्सची बिलं येतच होती.

१ नोव्हेंबर २००५ पूर्वी राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना जुनी पेन्शन आहे. त्यांनी फ्लॅट घेतला तर घरखर्च अडत नाही. पण खासगी कारखान्यातून बाहेर पडणाऱ्याला फंडाच्या योजनेतून मिळणारी पेन्शन तुटपुंजी असते. २०१४ मध्ये ठरलेली किमान रक्कम तर महिना १ हजार रुपये. त्याचं म्हातारपण याच एकरकमी पैशावर उभं असतं. त्याने तो सगळा सिमेंटमध्ये घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधीच घेतला असेल, तर निदान करार नीट करा. नोटरीकडचा अकरा महिन्यांचा कागद महाराष्ट्रात पुरेसा नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची. नोंद नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं. मुदत संपूनही तो हलला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि दुप्पट शुल्कही मागता येतं. पण पासष्टीनंतर ते खेटे कोण घालणार?

खरं म्हणजे अनेक घरांत हा फ्लॅट भाड्यासाठी घेतलेलाच नसतो. 'मुलांसाठी काहीतरी राहील' हा विचार त्यामागे असतो. मुलांवरच्या मायेला मी नावं ठेवणार नाही. पण छत्तीस वर्षं पगारातून कापून घेतलेला हा पैसा दोन म्हाताऱ्या माणसांच्या औषधपाण्यासाठी आहे. बऱ्याचदा नवऱ्यामागे बायकोला बरीच वर्षं एकटीने काढायची असतात. भाडेकरू, प्लंबर, सोसायटीच्या सभा, सगळं तिच्या गळ्यात पडतं, आणि या व्यवहारात तिला कुणी विचारलेलंही नसतं. आधी तिच्याशी बोला. घ्यायचाच ठरला, तर खरेदीखतात तिचं नाव घाला, आणि तीन वर्षांचा घरखर्च व आजारपणाची रक्कम बँकेत वेगळी पडल्याशिवाय बिल्डरला टोकन देऊ नका.