विजेची मोटार आणि भिंतीतले तिसरे छिद्र

विजेवर चालणाऱ्या मोटारीची चर्चा आपल्याकडे दोनच प्रश्नांभोवती फिरत राहते. मोटार केवढ्याला पडते आणि महामार्गावर ती चार्ज करण्याची सोय कोठे आहे, हे ते दोन प्रश्न. बीडसारख्या जिल्ह्यात मात्र या मोटारीचे भवितव्य ठरवणारा प्रश्न तिसराच आहे आणि तो घराच्या भिंतीत दडलेला आहे. मोटारमालक रात्री ज्या सॉकेटमध्ये केबल खोचणार, ते सॉकेट सलग आठ-नऊ तास पंधरा अँपिअरचा भार सोसण्याच्या योग्यतेचे आहे काय? त्याच्या वरच्या मोठ्या छिद्रामागे अर्थिंगची तार खरोखर जोडलेली आहे काय? घराची सुरक्षितता या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असूनही सरकारी धोरणांच्या केंद्रस्थानी ते अद्याप आलेले नाहीत.

राज्य सरकारने जुलै २०२१ मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर केले आणि २०२५ मध्ये त्याची नवी आवृत्ती आणली. तिची मुदत मार्च २०३० पर्यंत आहे. महामार्गांवर दर २५ किलोमीटर अंतरावर चार्जिंगची सोय व्हावी, असे उद्दिष्ट त्यात आहे. केंद्राच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेच्या १०,९०० कोटी रुपयांपैकी २,००० कोटी रुपये सार्वजनिक चार्जिंग केंद्रांसाठी राखून ठेवण्यात आले. बीडहून पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्यासाठी ही केंद्रे आवश्यकच आहेत. परंतु मोटारीचे रोजचे चार्जिंग मुख्यतः घरीच होते. त्यासाठी परवाना लागत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घरातील विद्यमान वीजजोडणीवरूनच मोटार चार्ज करता येते. मुभा मिळाली, मात्र ती जोडणी तेवढ्या योग्यतेची आहे की नाही, हे पाहणारी व्यवस्था उभी राहिली नाही.

वरवर पाहता यात अवघड काही नाही. ‘गिझर चालतो, मग मोटारही चालेल’ असा सरळ हिशेब मांडला जातो. तो फसवा आहे. गिझर पंधरा-वीस मिनिटांत पाणी तापवून स्वतःहून बंद होतो. मोटार मात्र रात्रभर तोच प्रवाह अखंड ओढत राहते. सॉकेटमधील पितळी पट्ट्या सैल झाल्या असतील, स्क्रू नीट आवळलेला नसेल, तर त्या जागी विजेला अडथळा निर्माण होतो. हा अडथळा एका ओहमच्या दहाव्या भागाइतका जरी असला, तरी पंधरा अँपिअर प्रवाहाला त्या एका बिंदूवर साडेबावीस वॉट उष्णता निर्माण होते. मुठीत मावणाऱ्या प्लॅस्टिकच्या वस्तूत ही उष्णता तासन्‌तास साठत राहिली तर काय होईल, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही. तारेचेही तेच. मीटरपासून वाहनतळापर्यंत वीस मीटर अंतर असेल आणि तार दिव्या-पंख्याची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची असेल, तर शंभर वॉटहून अधिक वीज केवळ तार तापवण्यात जाते. चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत हे प्रमाण सुमारे चाळीस वॉटवर येते. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या गावात, पत्र्याच्या छपराखाली, हा फरक किरकोळ मानता येणार नाही.

फ्रान्समध्ये यावर एक सुटसुटीत तोडगा निघाला. तेथे साध्या घरगुती सॉकेटवरून मोटार चार्ज करताना प्रवाह साधारणतः आठ अँपिअरपर्यंत मर्यादित ठेवला जातो. त्याहून जलद चार्जिंग हवे असेल तर सलग चौदा अँपिअर सोसणारे खास मजबूत सॉकेट बसवतात. वेगळी चार्जिंग पेटी घेण्यापेक्षा ते स्वस्त पडते. आपल्याकडे असा स्वतंत्र प्रकार घराघरांत रुळलेला नाही. सोळा अँपिअरचा ‘पॉवर पॉइंट’ हाच सर्व कामांचा धनी. म्हणून येथे मजबुती केवळ सॉकेटमध्ये नव्हे, तर मीटरपासून सॉकेटपर्यंतच्या संपूर्ण वाटेत आणावी लागते. मोटारीसाठी स्वतंत्र तार, तिच्यावर दुसरे कोणतेही उपकरण नाही. तारेच्या क्षमतेशी जुळणारा स्वतंत्र एमसीबी. तीस मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी. भारतीय मानकाचे सॉकेट आणि चांगले अर्थिंग, एवढा हा सारा संसार आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांत चार्जिंग केंद्रांसाठी स्वतंत्र परिपथ व गळती-संरक्षण यांची अट आहेच. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर असावे आणि जोडवायर वापरू नये, असेही त्यात सांगितले आहे. घरासाठीही याहून वेगळा निकष लावण्याचे कारण नाही. खिडकीतून बाहेर सोडलेला एक्स्टेंशन बोर्ड हा तर यातील सर्वांत धोकादायक मार्ग होय.

बीड जिल्ह्यात या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा अर्थिंगचा आहे. जमिनीत ओल असेल तर अर्थिंग चालते. ओल आटली की जमिनीचा विद्युतरोध वाढतो. गेवराई-माजलगावच्या गोदाकाठच्या काळ्या जमिनीत ओल तुलनेने टिकते. ती जमीन सुकली की भेगाळते आणि अर्थिंगच्या नळीभोवतीची माती सुटते. पाटोदा, आष्टी, अंबाजोगाई या बालाघाटच्या पट्ट्यात थोड्याच खोलीवर मुरूम व खडक लागतो. दुष्काळ ज्या जिल्ह्याच्या पाचवीला पुजला आहे, तेथे एकदा खड्डा घेऊन कोळसा-मीठ घातले की काम संपले, असे मानता येत नाही. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालणे आणि वर्षाकाठी रोध मोजून घेणे गरजेचे ठरते. अनेक जुन्या घरांत तर तिसरे छिद्र केवळ शोभेचे असते. मोटारीसोबत येणारी बहुतेक चार्जिंग उपकरणे अर्थिंग नसल्याचे ओळखून चार्जिंग नाकारतात. अशा वेळी ‘जुगाड’ म्हणून अर्थिंगचे टोक न्यूट्रलला जोडून देण्याचा मोह होतो. उपकरण फसते आणि मोटार चार्ज होऊ लागते. परंतु बाहेरच्या तारेवर न्यूट्रल तुटला तर मोटारीचा पत्राच विद्युतभारित होऊ शकतो. हा जुगाड म्हणजे जिवाशी खेळ आहे.

घराबाहेरचे चित्रही विचारात घ्यावे लागेल. परळीचे औष्णिक केंद्र याच जिल्ह्यातले. मात्र २०१३ मध्ये पाण्याअभावी ते बंद ठेवण्याची वेळ आली आणि २०१५ मध्ये तीच पाळी पुन्हा आली. ज्या जिल्ह्यात वीज तयार होते, त्याच जिल्ह्याने त्या दशकाच्या आधी भारनियमनाचे दीर्घ पर्व सोसले. आज परिस्थिती पूर्वीसारखी नाही. तरीही गल्लीतील डीपीची क्षमता हा प्रश्न शिल्लक आहेच. एक मोटार सुमारे ३.३ किलोवॉट भार घेते. शंभर केव्हीएच्या एका डीपीवर अशा वीस मोटारी रात्री नऊ वाजता एकदम लागल्या, तर ६६ किलोवॉट केवळ त्यांनाच लागतील. म्हणून मंजूर भार वाढवून घेणे ही कागदी औपचारिकता नव्हे. कोणत्या डीपीवर किती भार येणार, हे महावितरणला आगाऊ कळण्याचा तोच मार्ग आहे. एक-दोन किलोवॉट मंजूर भाराच्या घरात गुपचूप मोटार लावणारा ग्राहक स्वतःच्या तारेबरोबर शेजाऱ्यांचा वीजपुरवठाही पणाला लावत असतो.

बिलाचा हिशेबही समजून घ्यायला हवा. स्वतःच्या घरी स्वतःची मोटार चार्ज केल्यास घरगुती दरच लागू होतो. महिन्याला हजार किलोमीटर धावणाऱ्या मोटारीला सुमारे दीडशे युनिट लागतात, असे ढोबळमानाने धरता येईल. आजवर नव्वद युनिट वापरणारे कुटुंब त्यामुळे शंभर युनिटांचा स्वस्त टप्पा ओलांडून पुढच्या टप्प्यात जाते. पेट्रोलच्या तुलनेत हा खर्च बराच कमी आहे, हे खरे. पण तो सर्वांत स्वस्त दराने मिळणार, अशी समजूत नको. छतावर सौर पॅनेल असतील तर गणित आणखी बदलते. ‘पीएम सूर्य घर’ योजनेत तीन किलोवॉटसाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. बीडला उन्हाची ददात नाही. मोटार दिवसा घरी उभी राहत असेल, तर दुपारचे चार्जिंग हे रात्रीपेक्षा डीपीलाही सोयीचे.

जिल्ह्यात मोटार परवडणारी माणसे किती, मग या चर्चेचे प्रयोजन काय, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त वाटला तरी अपुरा आहे. विजेवरच्या दुचाकी आणि रिक्षा घरच्याच विजेवर चार्ज होतात. अर्थिंग नसलेल्या घरात उन्हाळ्यात कूलर आणि पावसाळ्यात पाण्याची मोटर जिवावर उठते. मोटारीच्या निमित्ताने घरातील वायरिंग तपासले गेले, तर त्याचा लाभ मोटार नसलेल्यांनाही होईल.

त्यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. भारवाढीच्या अर्जासोबत परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचा चाचणी अहवाल घेण्याची पद्धत आहेच. त्या अहवालात अर्थिंगचा रोध प्रत्यक्ष मोजून नोंदवला जावा आणि आरसीसीबी बसवल्याची खात्री व्हावी. मोटार विक्रेत्याने ताबा देण्यापूर्वी हा अहवाल पाहावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वीजतंत्री व तारतंत्री अभ्यासक्रमांत या कामाचा प्रत्यक्ष सराव असावा, म्हणजे अंबाजोगाई-परळीतल्या तरुणांना रोजगाराचे एक नवे दार उघडेल. नगरपालिकांनीही नव्या इमारतींच्या वाहनतळात स्वतंत्र तारेची नळी सुरुवातीलाच टाकून घ्यावी. भिंत पूर्ण झाल्यावर ती फोडणे महागात पडते.

महामार्गावरील चार्जिंग केंद्राचे उद्‌घाटन होते, फीत कापली जाते, छायाचित्र छापून येते. भिंतीतल्या सॉकेटच्या वाट्याला हा मान कधी येणार नाही. परंतु विजेच्या मोटारीवर सर्वसामान्यांचा विश्वास बसेल किंवा उडेल, तो त्या सॉकेटमुळेच. लाखो रुपयांच्या मोटारीपुढे काही हजारांचे वायरिंग टाळण्यात शहाणपण नाही, हे मोटार घेणाऱ्याने ओळखले पाहिजे. तसेच मोटारीला सवलत देताना भिंतीतल्या तारेकडे पाठ फिरवून चालणार नाही, हे धोरण आखणाऱ्यांनीही.