शिष्यवृत्ती वेळेवर हवी

गुलबर्गा म्हटले की आपल्याला गाणगापूर आठवते, नाहीतर तिकडून गोव्यात बांधकामावर येणारे मजूर. त्याच गुलबर्ग्यात, म्हणजे आताच्या कलबुर्गीत, १९८० पासून विद्यापीठ आहे. २००९ पासून कर्नाटकचे केंद्रीय विद्यापीठही त्याच जिल्ह्यात आहे. दार जवळ आले, पण आत जायला पैसा लागतोच.

अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रयत्नांतून सुरू झाली. २०२१ च्या नियमांप्रमाणे वर्षाला २.५ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना ती मिळते. योजना चांगलीच आहे. पण खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे आधी द्यावे लागतात, आणि शिष्यवृत्ती बरेचदा वर्ष सरता सरता हाती पडते. मधले महिने कसे काढायचे? बाप सावकाराकडे जातो, नाहीतर मुलगी घरी बसते.

१९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा ११.५ पौंड मंजूर केले. त्यातला ‘दरमहा’ हा शब्द मला रकमेइतकाच मोलाचा वाटतो. खानावळवाला दर महिन्याला पैसे मागतो. मग शिष्यवृत्तीही दर महिन्याला का मिळू नये?