पाथर्डीच्या भाकरीचा हिशेब

दारिद्र्याची रेषा उष्मांकांत मोजण्याची रीत आपल्या अर्थशास्त्रात रुळली, त्याला आता अर्धशतक उलटून गेले. १९७१ साली प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ यांनी दरडोई दररोज २२५० उष्मांकांचा निकष धरून देशातील दारिद्र्याचे मोजमाप मांडले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रावर दुष्काळ कोसळला. दुष्काळी मुलखाने लाल मिलोच्या भाकरीवर आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढले. त्या काळी प्रश्न निव्वळ पोट भरण्याचा होता आणि उष्मांकांचा हिशेब त्यास पुरेसा होता.

आज तो पुरेसा नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास महिना ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. हे धान्य रोजचे सुमारे १६५ ग्रॅम, म्हणजे दांडेकर-रथांच्या निकषाच्या जवळजवळ चौथा हिस्सा भरते. ही कामगिरी लहान नव्हे. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. पाच वर्षांखालील बालकांत तर ते ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेले. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात, जंतांपासून वारंवारच्या बाळंतपणापर्यंत. परंतु ताटात काय पडते, हे त्यांतील एक मोठे कारण आहे, याविषयी दुमत नसावे.

पाथर्डीसारख्या तालुक्यात हा प्रश्न अधिकच विसंगत वाटतो. या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या पिकत आले ते बाजरी, मटकी, हुलगे, तीळ, कारळे आणि रब्बीची ज्वारी. शंभर ग्रॅम बाजरीत सहा ते आठ मिलिग्रॅम लोह असते; सडलेल्या तांदळात एक मिलिग्रॅमही नसते. याच जिल्ह्यातील राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या ‘इक्रिसॅट’ संस्थेसह ‘धनशक्ती’ हा अधिक लोहाचा बाजरीचा वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित केला. आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील गावांत बाजरीची बरीच जागा कपाशीने घेतली, भाकरीची जागा रेशनच्या गव्हातांदळाने घेतली आणि पोरांच्या न्याहारीची जागा चहा-बिस्किटांनी घेतली. गव्हाची पोळी ही प्रतिष्ठेची आणि बाजरीची भाकरी ही गरिबीची, ही समजूतही त्यास हातभार लावून गेली. शहरातील उपाहारगृहे आता हीच भाकरी कौतुकाने आणि चढ्या भावाने वाढतात, तो भाग वेगळा!

बिस्किटाचा पुडा स्वस्त म्हणून घेतला जातो, असे सांगतात. हिशेब करून पाहावा. पाच रुपयांच्या पुड्यात जेमतेम पन्नास ग्रॅम मैदा, साखर आणि तेल असते. किलोचा भाव शंभर रुपये पडला. बाजरीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २७७५ रुपये, म्हणजे किलोस पावणेअठ्ठावीस रुपये आहे. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीनुसार ग्रामीण भारत आपल्या मासिक खर्चाचे ४.९१ टक्के तृणधान्यांवर आणि ९.६२ टक्के पेये व तयार खाद्यपदार्थांवर खर्च करतो. तयार खाण्यावर धान्याच्या दुपटीजवळ खर्च होत असेल, तर ते स्वस्ताईपोटी होते असे म्हणणे अवघड आहे.

मग ते का होते? उत्तर वेळात आहे. गृहस्थाने आपल्या स्वयंपाकिणीशी विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, हे पिगू यांनी दाखवलेले कोडे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो आणि विद्यार्थी हसतात. त्या हसण्याच्या मागे असलेली स्त्री मात्र हिशेबाबाहेरच राहते. २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे खर्च करीत असल्याचे आढळले. बाजरी तर अधिकच वेळ मागते. तिच्या पिठातील स्निग्धांशामुळे ते थोड्याच दिवसांत खवट होते, म्हणून महिन्याचे पीठ एकदम दळून ठेवता येत नाही. दळण वारंवार, आणि भाकरी थापायची ती रोज.

दसरा-दिवाळीच्या सुमारास या तालुक्यातील हजारो कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. कोपीत राहणारी बाई पहाटे तीन-चारला उठून भाकऱ्या थापते, दिवसभर मोळ्या बांधते आणि गाडी भरायला रात्री पुन्हा उभी राहते. गावाकडे ज्वारी, हरभऱ्याचा पाला, पालेभाज्या हाताशी येतात, त्याच महिन्यांत ती गावात नसते. अशा बाईस ‘घरचे सकस अन्न खाऊ घाला’ असा उपदेश करणे हे सुखवस्तू माणसाचे धारिष्ट होय.

म्हणून सुधारणा सुचवायची ती वेळ न वाढवणारी हवी. मोडाची मटकी रात्रीत आपोआप तयार होते. मोड आल्याने तिच्यातील लोह शरीरास अधिक लागू पडते. भाकरीबरोबर लिंबाची फोड घेतल्यानेही तेच साधते, तर जेवणाला लागून घेतलेला चहा ते लोह वाया घालवतो. चहा तासाभराने घ्यावा, त्यास पैसा पडत नाही. जवस, तीळ, कारळ्यांची चटणी एकदा कुटली की महिनाभर पुरते आणि कोपीवरही जाते. हुलग्याचे माडगे आजाऱ्यासाठीच का राखून ठेवावे? अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या, २०२० च्या पद्मश्रीच्या मानकरी राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणी जपून परसबागांचा जो प्रसार केला, तो स्तुत्य आहे. परंतु अकोल्याचा पाऊस पाथर्डीस नाही. इथल्या परसात न्हाणीच्या पाण्यावर तग धरेल तो शेवगा, आणि त्याच्या शेंगांइतकाच पालाही खाण्याजोगा असतो. दळण आणणे, धान्य निवडणे ही कामे घरातील पुरुषांनी उचलली, तर उरलेले बरेच आपोआप होईल.

उरते ते शासनाचे आणि कारखान्यांचे. अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याचा दर तांदूळ-गव्हाहून कमी, किलोस १ रुपया धरला होता. म्हणजे ते रेशनवर देण्याची कल्पना कायदेकर्त्यांना होतीच. कर्नाटकात नाचणी आणि ज्वारी रेशनवर दिली जाते. पाथर्डीच्या दुकानात तांदळाऐवजी बाजरी घेण्याची मुभा कायमची असावी आणि ती बाजरी याच तालुक्यात हमीभावाने घेतली जावी. कपाशीकडे गेलेला शेतकरी परत वळण्यास दुसरे कारण लागणार नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी जी वसतिगृहे आहेत, त्यांच्या भटारखान्यात भाकरी आणि मटकीची उसळ आठवड्याचे बहुतेक दिवस असावी. आणि ज्या कारखान्याच्या आवारात लाखो टन ऊस गाळला जातो, त्याने मजुरांच्या तळावर विजेची एक लहान गिरणी बसवावी. खवट पिठाचा प्रश्न तेथल्या तेथे सुटेल. पुढच्या हंगामाच्या उचली वाटल्या जातील तेव्हा मुकादमांच्या करारात या गिरणीची अट घालावयास कोणाची हरकत असावी, असे वाटत नाही.