उदरावरील चौकटींचे वतन

व्यायामशाळेच्या भिंतीवरील तसबिरीत नटाच्या उदरावर ज्या सहा चौकटी दिमाखाने झळकतात, त्या केवळ परिश्रमाने घडविल्या जातात, असा जो समज तरुण मंडळींत दृढ झाला आहे, तो शरीररचनेच्या दफ्तरात डोकावताच निराधार ठरतो. जघनास्थीपासून बरगड्यांपर्यंत मध्यरेषेच्या दोन्ही अंगांस उभा पसरलेला एकेक स्नायू बहुधा ३ आडव्या तंतुमय पट्ट्यांनी विभागलेला असतो. आणि या पट्ट्यांची संख्या व मांडणी हे जन्मजात वतन असल्यामुळे कोणाच्या चौकटी समोरासमोर येतात, तर कोणाच्या तिरप्या. व्यायामाने स्नायू पुष्ट होईल, पट्टी मात्र तसूभर सरकणार नाही. त्यावरील मेदाचे आवरण विरळ झाल्यावाचून चौकटी दिसत नाहीत, आणि केवळ पोटाचा व्यायाम केल्याने पोटाचाच मेद झडावा, असा काही शरीराचा कायदा नाही. सर्वांत आतला आडवा स्नायू, जो पोटास कमरबंदासारखा आवळून धरतो, तो तर कोणत्याच आरशात दिसत नाही! कोल्हापूरच्या तालमीतला थोराड मल्ल प्रतिस्पर्ध्यास उचलतो, तेव्हा मेदाखाली झाकलेले हेच स्नायू राबत असतात. व्यायामशाळांच्या चालकांनी सहा आठवड्यांत सहा चौकटींची हमी देणाऱ्या पाट्या आता उतरवाव्यात.