भाल्याकडून गोळ्याकडे

पाथर्डी-जामखेडच्या उजाड पट्ट्यात जन्मलेल्या माणसाला गाव सोडणे ही वहिवाटीची गोष्ट वाटते. ऊसतोडीचा हंगाम आला की संसार बांधून कारखान्याची वाट धरावी, पारनेरकराने मुंबई गाठावी, आणि मागे राहिलेल्यांनी त्यात विशेष काही घडले असे मानू नये, अशी आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याची रीत आहे. परंतु अशाच पर्जन्यछायेच्या मुलखातला एखादा खेळाडू जगाच्या मैदानावर नाव मिळवतो, तेव्हा आपण त्याच्या जिद्दीचे मनसोक्त पोवाडे गातो, आणि त्या यशाच्या मुळाशी असलेल्या स्थलांतराची नोंद आपल्या दप्तरी होत नाही. मला ही चूक साधी वाटत नाही.

सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुका आपल्यासारखाच दुष्काळी. तिथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा घेऊन देशभर पांगली. त्या तालुक्यातील करगणीचे सचिन सर्जेराव खिलारी यांनी ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीच्या, हाताचे दिव्यांगत्व असलेल्यांसाठीच्या एफ-४६ वर्गात १६.३२ मीटरांची फेक करून रौप्यपदक मिळवले. ती फेक आशियाई विक्रमाची होती, आणि सुवर्णपदक पटकावणारा कॅनडाचा ग्रेग स्ट्युअर्ट त्यांच्यापुढे होता तो अवघ्या ६ सेंटिमीटरांनी. शाळकरी वयात सायकलवरून पडण्याचे निमित्त झाले, डाव्या हाताला गँगरीन झाले, आणि पुढे अनेक उपचार होऊनही तो हात पूर्ववत झाला नाही, हा वृत्तांत वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचला आहे. हेच खिलारी आधी भालाफेक करीत असत, आणि २०१७ साली जयपूरच्या राष्ट्रीय पॅरा स्पर्धेत त्यांनी भाल्यातच सुवर्ण जिंकले होते, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानात राहिली.

भालाफेक हा एका हाताचा खेळ आहे, असे प्रेक्षकाला वाटते. वस्तुतः त्यात दुसऱ्या हाताचे काम मोठे असते. धावत आलेला खेळाडू शेवटची तिरकी पावले टाकतो, तेव्हा मोकळा हात पुढे ताणून तो खांदे आवरून धरतो, आणि भाला सुटण्याच्या क्षणी तोच हात बरगडीशी खेचून घेतल्याने फेकणाऱ्या खांद्याला झेप मिळते. ज्याचा तो हात दुबळा आहे, त्याला ही झेप कंबर, पाठ आणि पावले यांच्याकडून उसनी घ्यावी लागते, आणि हे तंत्र वर्षानुवर्षांच्या सरावावाचून अंगी मुरत नाही. भारताला अशा भालाफेकीची परंपरा नाही असेही नाही. १९८४ च्या पॅरालिम्पिकमध्ये भीमराव केसरकरांनी भाल्यात रौप्य मिळवले होते. राजस्थानच्या देवेंद्र झाझडिया यांनी २००४ साली अथेन्समध्ये सुवर्ण जिंकले, आणि त्यांच्या वर्गाची भालाफेक २००८ व २०१२ च्या कार्यक्रमपत्रिकेतच नसल्याने बारा वर्षे वाट पाहून २०१६ साली रिओमध्ये ते पुन्हा सुवर्णाचे मानकरी ठरले.

झाझडिया एका खेळाला धरून थांबले. खिलारींच्या वाट्याला दुसरी वाट आली. खांदा दुखावला, भाला सुटला, आणि प्रशिक्षकांच्या सल्ल्याने त्यांनी गोळा हाती घेतला. गलाईचा कारागीर परमुलखात दुकान थाटतो तेव्हा घरदार मागे राहते, पण हातातली कला बरोबर जाते. तसेच येथेही झाले असावे, असे मला वाटते. त्यापूर्वी गाव सोडून अभियांत्रिकीचे शिक्षण, मग स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांना शिकवणे, अशी वळणे त्यांनी घेतलीच होती. २०२३ साली पॅरिसच्या व २०२४ साली कोबेच्या जागतिक स्पर्धांतले सुवर्ण भाल्याकडून गोळ्याकडे झालेल्या या शेवटच्या स्थलांतरानंतरचे आहे. निश्चयी मनुष्य एकाच जागी रुतून बसतो, हा आपला समज त्यांच्या चरित्राने खोटा ठरवला आहे. योग्य वेळी जागा सोडण्याला अधिक धैर्य लागते.

तथापि सरावासाठी गाव सोडून जाणे हा प्रत्येकाचा पर्याय असतोच असे नाही, आणि शहरातल्या भाडे-खोलीचा खर्च न झेपणाऱ्याचा तर नसतोच. आपल्याकडे दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी मूल शासकीय रुग्णालयात आणले जाते, तिथे त्याच्या उणिवेची टक्केवारी ठरते, ४० टक्के भरले की सवलतींचा हक्क मिळतो, आणि कागद घेऊन मायबाप घरी परततात. त्याच खिडकीवर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कचेरीचा पत्ता द्यावा, आणि तालुक्याच्या मैदानावर आठवड्यातून एक दिवस या मुलांसाठी भाला, गोळा व जाणता मार्गदर्शक राखून ठेवावा, एवढा हुकूम काढण्यास सरकारी खजिन्याला फारसा भार पडणार नाही. मग ज्यांना जायचे त्यांनी खुशाल जावे. पण राहणाऱ्याला केवळ अंतरामुळे मैदान नाकारले गेले, असे तरी होऊ नये.