विश्लेषण : हलक्या जमिनीत टाकलेले खत पिकाला मिळते की तणाला?

खरीप २०२५ मध्ये युरियाच्या टंचाईची देशभर चर्चा झाली. ४५ किलोच्या गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे. त्यात नत्र सुमारे २१ किलो. नंदुरबार जिल्ह्यातील चिंचपाड्यासारख्या गावी मात्र गोणी मिळाल्यानंतरचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

हलक्या जमिनीत नेमके काय घडते?

नवापूर तालुक्यातील डोंगरउताराच्या जमिनी बऱ्याच ठिकाणी मुरमाड, वाळूमिश्रित आहेत. चिकणमाती आणि सेंद्रिय कर्ब कमी असल्याने अशी जमीन अन्नद्रव्ये धरून ठेवत नाही. युरियातील नत्राचे नायट्रेट होते आणि जोराच्या एका पावसात ते मुळांखाली उतरते. जे उरते, त्यावर पहिला हात मारतात माठ, लव्हाळा यांसारखी तणे. पिकाची मुळे पसरण्याआधी फोकून दिलेला युरिया ओळींमधल्या तणालाही पोसतो. मग निंदणी लांबली, तर खताचा खर्च आणि उत्पन्न दोन्ही जाते. ज्वारीत पहिले ३० ते ४५ दिवस, तर कपाशीत साधारण ६० दिवस निर्णायक असतात.

खत कमी दिले तर तण कमी होईल?

नाही, आणि ज्वारीतला टारफुला हे त्याचे ठळक उदाहरण. हे परोपजीवी तण ज्वारीच्या मुळांतून अन्न शोषते. नत्र-स्फुरद कमी पडले की ज्वारीची मुळे जास्त प्रमाणात स्ट्रायगोलॅक्टोन नावाची द्रव्ये सोडतात आणि तोच टारफुल्याच्या बियांना उगवण्याचा इशारा ठरतो. म्हणजे उपाशी जमीनच या तणाला बोलावते. एका झाडापासून हजारो बारीक बिया पडतात, त्या जमिनीत दहा-दहा वर्षे तग धरतात. गंमत अशी, की १९६६ मध्ये या गटातील पहिले द्रव्य कपाशीच्या मुळांतून वेगळे केले गेले. कपाशी या बिया उगवायला लावते, पण स्वतः त्यांचे यजमान होत नाही. कोवळी रोपे उपाशी मरतात. ज्वारीनंतर कपाशी घेण्यामागे हाही फायदा आहे.

मग शेणखत?

हलक्या जमिनीला त्याला पर्याय नाही. पण ते कच्चे नको. जनावरांच्या पोटातून न पचता आलेल्या तणबिया त्यातून थेट शेतात जातात. खड्डा ओलसर ठेवून, मधूनमधून वरखाली केल्यास ५५ ते ६० अंशांपर्यंत तापतो आणि बहुतेक बिया मरतात.

युरिया दोन-तीन हप्त्यांत, निंदणीनंतर, ओळीलगत मातीआड द्यावा. एकदम फोकण्यापेक्षा याला मजूर जास्त लागतात, हे खरे. निंदणी आणि भातलावणी एकाच वेळी येते, हेही खरे. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक तपासलेले असतात. जमीन वाळूसर आहे की चिकण, हे त्या बारांत नाही.